कोटाच्या खिशातला कॅमेरा

मृताच्या कोटाचे खिसे चाचपू नयेत, असा गावचा दंडक होता. प्रेताला स्नान घालणाऱ्या बायकांना मृताची वस्त्रे जशीच्या तशी द्यायची. देणाऱ्याने खिशात हात घातला, तर त्याला माणसापेक्षा मालाचे दुःख अधिक, असे गाव समजे. सबिरकुल मास्तरांना हा दंडक चांगला ठाऊक होता, कारण जुन्या राजवटीत ते शाळेत इतिहासाबरोबर शास्त्रीय नास्तिकताही शिकवत आणि असल्या रिवाजांची खिल्ली उडवण्याबद्दल त्यांना सरकारी पगार मिळे. पुढे राजवट गेली आणि तो विषयही वेळापत्रकातून गेला. गाव मात्र जागच्या जागी राहिले, आणि गावाची जीभ कोणत्याही राजवटीहून टिकाऊ निघाली.

त्यांची एकुलती मुलगी जिबेक ऐन थंडीत गेली. गावच्या दवाखान्याची गाडी होती, चालकही होता, फक्त पेट्रोल नव्हते. आणि अपेंडिक्सला पेट्रोलची वाट पाहण्याची शिस्त नसते. दफनाच्या दिवशी स्नान घालणाऱ्यांतल्या झुराकान आपाच्या वाट्याला जिबेकचा लोकरी अस्तराचा कोट आला. कोट हातावर तोलत ती अंगणात थबकली.

"मास्तर, खिशात काहीतरी जड लागतंय हो."

अंगण माणसांनी भरलेले होते. मास्तर ताठ मानेने म्हणाले, "असू दे, आपा. जे असेल ते कोटाबरोबर."

हे उत्तर गावाला फार आवडले. नास्तिक मास्तरसुद्धा शेवटी मार्गाला लागला, असे म्हणत लोक मटणाच्या ताटाकडे वळले.

खिशात कॅमेरा होता. राजधानी बिश्केकच्या बाजारातून जिबेकने आणलेला, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा, ज्या कंपन्यांची नावे कुणाला आठवत नाहीत त्यांपैकी एकीचा. बटण दाबले की त्याचे भिंग कासवाच्या मानेसारखे कुरकुरत बाहेर येई. थंडीत त्याचे सेल लगेच माना टाकत. जिबेक ते काढून काखेत धरी आणि ऊब आली की पुन्हा बसवी. तेवढ्या वेळात समोरच्या म्हाताऱ्या जुन्या राजवटीतली पदके नीट लावून, ओठ घट्ट मिटून, सरकारी कार्यालयात बसल्यासारख्या बसत. "आजी, जरा हसा की!" ती म्हणे. "हसून काय करू? दातच नाहीत, त्यांचा फोटो कशाला?" लोकांचे फोटो ती नारीन शहरातून छापून आणून देई. स्वतःच्या घरचे मात्र कधी छापले नाहीत. "कॅमेऱ्यातच आहेत की, आके," ती बापाला सांगे, आणि त्या इवल्याशा पडद्यावर बाप-लेक डोक्याला डोके लावून ते पाहत.

फोटो काढणारा फोटोत नसतो, एवढे साधे सत्य मास्तरांना कळायला वसंत उजाडला. थोरल्या बहिणीने, शारिपाने, वर्षश्राद्धाच्या भोजनाआधी थडग्याचा दगड उभा करायचा म्हणून विषय काढला.

"काळा दगड घेऊ, सबिर. वर चेहरा कोरलेला. सगळ्यांचे आहेत. त्या दारुड्या एशीमचासुद्धा आहे, आणि तोही टाय लावलेला! फोटो दे मला, कोरणाऱ्याकडे पोचवते."

मास्तर फोटो शोधू लागले. मृत्यूचा दाखला देताना कचेरीने पासपोर्ट काढून घेतला होता. राज्याला मेलेल्यांचे चेहरे परत हवे असतात. शाळेच्या सामूहिक छायाचित्रात जिबेकचा चेहरा मसुराच्या दाण्याएवढा होता, आणि तोही हललेला. मग ते घरोघर गेले. भिंतीभिंतीवर जिबेकने टिपलेले गाव होते: नवऱ्या, घोडे, पाळण्यातली बाळे, पदकवाल्या म्हाताऱ्या. जिबेक कुठेच नव्हती.

एक फोटो होता. मागच्या उन्हाळ्यात वरच्या कुरणात तंबूसमोर ती म्हणाली होती, "आके, एकदा माझा पण काढा ना," आणि मास्तरांनी तिला दोनदा मागे, एकदा डावीकडे सरकायला लावून बटण दाबले होते. तो त्या कॅमेऱ्यात होता, कॅमेरा कोटाच्या खिशात, आणि कोट झुराकानच्या घरी.

दिलेली वस्तू परत मागणे म्हणजे मुलीला कबरीतून उघड्यावर ओढणे, असे गाव मानी. मास्तरांनी म्हणूनच परत मागण्याऐवजी पाहायला मागायचे ठरवले, आणि या फरकाची मनोमन उजळणी करीत ते झुराकानच्या दारात उभे राहिले.

"या या, मास्तर! बसा. आधी पाव मोडा, मग बोला." तिने चहा ओतला, बोरसोकांचा, तळलेल्या पावाच्या तुकड्यांचा, ढीग पुढे सारला. "कोट बघायला आलात? अगदी जपलाय. कसर लागू दिली नाही."

"कोट नाही, आपा. त्यातला तो कॅमेरा. जरा बघायचा होता. परत न्यायचा नाही, नुसता बघायचा."

"एवढंच ना? हा घ्या. सोन्यासारखा चालतो. थोरल्याचं लग्न सगळं यातच काढलं."

मास्तरांनी बटण दाबले. भिंग कुरकुरत बाहेर आले. पडद्यावर झुराकानचा मुलगा पांढऱ्या उंच टोपीत घाम पुसत होता. मागे सरकावे तसे लग्नच लग्न: केक, कापलेला केक, खाल्लेला केक. त्याआधी काहीच नव्हते.

"आधीचे कुठे गेले, आपा?"

"ते होय? अहो, भरला होता तो! ऐन लग्नात भरलाय म्हणून अडून बसला. मग पोराने सगळं पुसलं. आणि खरं सांगू का, मास्तर, मेलेल्या पोरीची सावली नव्या सुनेच्या घरात नको, असं मलाच वाटत होतं." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती वरमली. "काही महत्त्वाचं होतं का हो? तेव्हा खिशाचं मी विचारलं होतं तुम्हाला. चारचौघांत विचारलं होतं."

"विचारलं होतंत," मास्तर म्हणाले.

झुराकान वाईट बाई नव्हती, आणि हीच अडचण होती. वाईट माणसावर निदान रागावता तरी येते. भरपाई म्हणून तिने मनापासून तोडगा सुचवला: "बसा तसेच, तुमचाच एक काढते. तुमच्या दगडाला तरी अडचण नको."

ती कॅमेरा न्यायला नाही म्हणाली नाही. मास्तर तो घेऊन नारीनला गेले. जिबेक जिथे फोटो छापत असे त्या दुकानदाराने कॅमेऱ्यातले कार्ड संगणकाला लावले आणि तो बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

"पुसलेलं कधीकधी परत मिळतं," तो म्हणाला. "पण यावर लग्न बसलंय. हा एक बघा, अर्धा आलाय."

पडद्यावर आकाश उमटले. स्वच्छ, निळे, विनाकारण भरपूर. त्याखाली बर्फाची धार, तिच्याखाली तंबूचे टोक आणि जिबेकच्या लाल रुमालाची वरची कड. त्याखाली सारे राखाडी.

"अजून खाली?"

"खाली काही नाही, मास्तर. तुम्ही आभाळ एवढं कशाला घेतलंत?"

त्यांनी तिला दोनदा मागे सरकवले होते, ते डोंगर मावावेत म्हणून. डोंगर मावले होते.

शारिपाने छापून आणलेला आकाशाचा तो कागद उलटसुलट पाहिला आणि व्यवहारी माणसाच्या शांतपणे बाजूला ठेवला. "यावरून काय कोरणार, ढग? ऐक. माझी लेक बुरुल आहे ना. आतेमामे बहिणी होत्या, लोक जुळ्या समजायचे."

"जुळ्या कुणी समजत नव्हतं, एजे."

"आता समजतील. बिनचेहऱ्याचा दगड उभा केलास तर म्हणतील, पोरीने काहीतरी काळं केलं होतं म्हणून बापाने तोंड झाकलं. चालेल?"

चालणार नव्हते. गाव काय म्हणेल यावर कोट गेला होता. त्याच न्यायाने चेहराही जाणे क्रमप्राप्त होते. बुरुलला जिबेकचा रुमाल बांधून भिंतीपाशी उभे केले, आणि जिबेकच्याच कॅमेऱ्याने, सेल काखेत उबवून, शारिपाने तिचा फोटो काढला.

वर्षश्राद्धाला घोडी कापली. सारे गाव दगडापाशी जमले, तळव्यांत तोंड झाकून प्रार्थना झाली, आणि मग कौतुक सुरू झाले. "अगदी तीच!" "डोळे बघा, आत्ता बोलेल." झुराकान तर हुंदके देऊन रडली. "मी आंघोळ घातली हो या चेहऱ्याला. तोच आहे." ज्या म्हाताऱ्यांना जिबेकने हसा म्हणून विनवले होते, त्यांनीही साक्ष दिली. एकानेही शंका काढली नाही. गावाला चेहऱ्याची आठवण नव्हती, आणि दगड तर समोर होता.

बुरुल गर्दीच्या मागे, दगडाकडे पाठ करून उभी होती. मास्तर जवळ येताच ती मामाला हळूच म्हणाली, "तायके, मी फोटोत हसले नव्हते. आईने हसायचं नाही म्हणून बजावलं होतं. दगडात हसतेय."

"कोरणाऱ्याने केलं असेल. तरुण मुलगी म्हणून."

"ती अशीच हसायची का, तायके?"

मास्तरांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर दगड हसत राहिला.

"तायके?"

"अशीच," ते म्हणाले.