बारवेचा मान

हैदराबादेहून नव्याने आलेल्या आमच्या हेडमास्तरांना एक खूळ होतं. पोरांनी उन्हाळ्याच्या सुटीत नुसतं आंब्याखाली लोळू नये, आपापल्या गावातली एक अडचण निवडावी, तिचं कारण शोधावं आणि ते शुद्ध उर्दूत लिहून आणावं. शुद्ध उर्दूत यासाठी, की आमचं सगळं शिक्षणच उर्दूत होतं. बोलायचं मराठीत, विचार करायचा मराठीत आणि हुशार ठरायचं उर्दूत, असा निजामाच्या राज्यातला रिवाज होता.

आमच्या गावातून बीडला हायस्कुलात शिकायला दोघंच होतो, मी आणि सुंदरराव पाटलांचा उत्तरेश्वर. अडचण शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. गावात घरटी एक माणूस लंगडत होतं. नारू! पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा आणि माणूस तो काडीला गुंडाळत ओसरीवर बसून राहायचा. कारणही गावाला आधीच माहीत होतं. दर उन्हाळ्यात म्हाळू धनगर मेंढरं घेऊन यायचा, त्याची बायको सारजाबाई लंगडत होती, म्हणजे नारू मेंढरांबरोबर आला. हे पाटलांनी चावडीवर बसून ठरवून टाकलं होतं. लेकाने तेवढंच सुवाच्य अक्षरात लिहावं, शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले की वाचून दाखवावं आणि धनगरांना बारवेचं पाणी बंद व्हावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. आसपास दुसरं पाणी नव्हतं, पण ती अडचण कोणी निवडली नव्हती.

उत्तरेश्वर मात्र बापाच्या वळणावर गेला नव्हता. नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्या किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आम्ही बारवेच्या कट्ट्यावर बसून पाण्यात कोणाकोणाचे पाय जातात ते बघायला लागलो. पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरणं हा आमच्याकडे मान होता. पहिला मान पाटलांचा, मग बाकीच्या घरांचा. शिवाय ठणकणारा पाय गार पाण्यात सोडला की बरं वाटतं, म्हणून मानकरी जरा जास्तच वेळ उभे राहायचे. बाहेरून आलेल्या म्हाळूला हा मान कुठला? तो काठावरून दोरीने पोहरा सोडायचा. त्या घरातल्या कोणाचं पाऊल कधी पाण्याला लागलं नव्हतं. आमचंच पाणी पिऊन सारजाबाईला नारू झाला होता आणि आळही तिच्यावरच होता.

खुद्द पाटलांच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं. पाय मुरगळलाय, असं ते सांगायचे. फडक्यातून काडी बाहेर डोकावायची.

उत्तरेश्वरने सगळं लिहिलं, बापाच्या पोटरीसकट. पायऱ्यांवर भिंत घालावी, सगळ्यांनीच वरून पाणी शेंदावं, असंही लिहिलं. मला त्याचा अभिमान वाटला.

शाळाखात्याचे मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, तहसीलदारांना घेऊन गावात आले. चावडीपुढे मांडव पडला, पुरणपोळ्या झाल्या आणि उत्तरेश्वर वाचायला उभा राहिला. सुंदररावांचं उर्दू 'हाजिर' आणि 'हुजूर' यांच्या पुढे गेलं नव्हतं. लेकाच्या तोंडून फाडफाड उर्दू ऐकून त्यांचे डोळे भरून आले. ज्या वाक्यात त्यांची पोटरी होती, त्या वाक्याला त्यांनी मान डोलावली.

"माशाअल्ला!" मोहतमीम साहेब म्हणाले. फक्त 'क' आणखी जरा घशातून यायला हवा, एवढंच त्यांनी सुचवलं. ते उर्दू तपासायला आले होते आणि त्यांनी उर्दूच तपासलं. तहसीलदारांना पुरण जड झालं होतं, ते डुलक्या घेत होते.

मांडवाबाहेर उन्हात म्हाळू उभा होता. त्याने विचारलं, "काय लिवलंय, धाकले मालक? पानी मिळंल का न्हाई आमाला?"

उत्तरेश्वरने सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, "नारू तुमचा न्हाई, म्हाळूमामा, आमचा हाय. आबांच्या पायातनं पाण्यात जातोय. पायऱ्या बंद करायला पायजेत."

मग सुंदरराव खदखदून हसले. "येडा हाय का बे तू? असलं लिवलं असतंस, तर साहेब माशाअल्ला कशाला म्हनले असते?"

या बिनतोड सवालापुढे आमचं संशोधन आडवं झालं. सगळ्या गावाला पटलं. मोहतमीम साहेबांना मराठी येत नव्हतं. तहसीलदार जागे झाले, साहेब खूश आहेत एवढं त्यांनी पाहिलं आणि पाटलांनी पुढे केलेल्या कागदावर सही ठोकली. धनगरांना बारव बंद.

मग पाहुण्यांचा मान म्हणून सुंदरराव स्वतः पायऱ्या उतरले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी तांब्या भरला. हे पाणी पिऊ नका, असं उत्तरेश्वरने साहेबांना उर्दूत हात जोडून विनवलं. यजमानाचं मन मोडू नये, बेटा, असं म्हणून साहेब घटाघटा प्यायले. आणखी एक तांब्या मागितला.

म्हाळू त्याच दुपारी मेंढरं घेऊन केजच्या बाजूला गेला. निम्मी मेंढरं पाण्यावाचून वाटेतच बसली आणि उठलीच नाहीत, असं पुढे कानावर आलं. मला त्या माशाअल्लाची शिसारी आली, ती आजही जात नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मोहतमीम साहेबांच्या पायाला फोड आला. सरकारी पाय तो! नारू हा किती गंभीर प्रश्न आहे ते खात्याला लगेच समजलं. उत्तरेश्वरचं लिखाण फडताळातून निघालं, या खेपेला कोणी 'क' तपासला नाही आणि पायऱ्या बंद करण्याचा तातडीचा हुकूम सुटला. "आमच्या पोरानंच सोदून काडलं," असं सुंदरराव भेटेल त्याला सांगायला लागले.

भिंतीच्या कामावर दगड वाहायला म्हाळू होता. उरलीसुरली मेंढरं विकून तो मजुरीला लागला होता. जेवणाच्या सुटीत तो नव्या भिंतीपाशी पोहरा घेऊन आला, तर कोतवालाने हात आडवा घातला. धनगरांना बारव बंद, हा हुकूम मागे घ्यायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

उत्तरेश्वरने पोहरा हिसकावून घेतला, स्वतः पाणी शेंदलं आणि म्हाळूपुढे धरलं. "प्या, मामा. कोन अडवतंय बगतो मी."

"हुकूम हाय, उत्तरेश्वर," सुंदरराव सावलीतून म्हणाले. "कामावरच्या मान्सानं तरी हुकूम पाळावा."

म्हाळूने भरल्या पोहऱ्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे पाहिलं आणि पोहरा हळूच बाजूला सारला.

"ऱ्हाऊ द्या, धाकले मालक," तो म्हणाला. "मेंढरं व्हती तवा लई लागत व्हतं पानी. आता आमा दोगांना कितीसं लागतंय?"