बर्फाची सुट्टी आणि ओट्टोचे कान

उजाडायच्या आत मार्लिसचा फोन आला, तेव्हाच मी ओळखलं. रात्रभर सरोवरावरून वारा सुटला होता आणि माझं पुढचं दार निम्मं बर्फात बुडालं होतं.

"बाबा, शाळा बंद. पोरांना तुमच्याकडे सोडू का? खरं सांगा, जमेल ना?"

"जमेल ना म्हणजे? तुला कोणी वाढवलं?"

"आईनं," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. मी जन्मभर लोखंडाच्या खाणीत राबलो आणि सुट्टीच्या दिवशी बंदूक घेऊन हरणांमागे हिंडलो. पोरं, त्यांची दुखणी, त्यांची भांडणं, हे सगळं माझी बायको लेम्पी हिच्याकडे. शाळा बंद पडली की नातवंडं तिच्याकडे यायची आणि मी हळूच गॅरेजमध्ये सटकायचो. ऑक्टोबरात लेम्पी गेली. त्यात इथल्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या मार्लिसला दूरच्या ग्रीन बे शहरातल्या हॉस्पिटलातून नोकरीचं बोलावणं आलेलं. पगार जास्त, शिवाय पाळणाघर त्यांचंच. ती तिकडे गेली की पोरं मला नाताळात दिसणार, फार तर चार जुलैच्या सुट्टीला. "इथे शाळा बंद झाली की मी मुलांना कुठे ठेवायचं, तेवढं सांगा," असं तिचं महिनाभर चाललं होतं. माझ्याकडे ठेव, एवढं साधं उत्तर तिला सुचत नव्हतं, याचा मला राग होता. रिकामं घर खायला उठत होतं, ते वेगळंच.

पोरांना दारात सोडताना तिनं ओट्टोच्या डोक्यावरची लोकरी टोपी खाली ओढली. ओट्टो पाच वर्षांचा. कान सारखे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी नुकत्याच त्याच्या कानांत बारीक नळ्या बसवल्या होत्या.

"कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. टोपी काढू देऊ नका."

"हो, हो. जा तू, उशीर होईल."

पहिला तासभर मी बरा निभावलो. ओट्टोची बहीण आयली हिच्याशी पत्ते खेळलो. ती आठ वर्षांची आहे आणि लबाडी इतकी सफाईनं करते की पकडावीशी वाटत नाही. मग ओट्टोनं कंटाळा आल्याचं जाहीर केलं. मी त्याला लाकडी कोडं दिलं, त्याचे चार तुकडे हरवलेले निघाले. मी त्याला खाणीतली गोष्ट सांगितली.

"यात कोणी मरतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग टीव्ही लाव."

टीव्ही लावला असता तर ग्लॅडिस ट्रेंबाथनं खिडकीतून बघून तेही मार्लिसला कळवलं असतं. ग्लॅडिस माझी शेजारीण. बाई मनानं चांगली, पण तिच्या घराच्या सगळ्या खिडक्या माझ्याकडे तोंड करून आहेत.

शेवटी मी दोघांना बाहेर काढलं आणि छपरावरचा बर्फ ओढायला लावला. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याचं फावडं छपरावर सरकवायचं आणि खाली खेचायचं. पहिलाच ढिगारा धप्पकन ओट्टोच्या अंगावर आला. मला वाटलं आता रडतो. पण कार्टं खिदळत बाहेर आलं आणि म्हणालं, "परत!"

मग काय, छप्पर साफ होईपर्यंत कोणी घरात यायला तयार होईना. दोघंही चिंब भिजली. भिजलेल्या माणसाला ऊब द्यायची आमच्या फिनिश लोकांत एकच रीत आहे. मी परसातल्या सौनाची, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीची, भट्टी पेटवली. दगड तापले, पाणी शिंपडलं, वाफ झाली, पोरं लालबुंद झाली. आणि सौनातून निघालं की बर्फात लोळायचं, हेही ठरलेलंच. माझे आजोबा लोळले, मी लोळलो, मार्लिस लोळली. पोरं चड्डीवर बाहेर धावली आणि अशी किंचाळली की हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकं मी ऑक्टोबरपासून हसलो नव्हतो.

ग्लॅडिसचं घराणं कॉर्निश, विलायतेहून आलेलं. तिच्या लोकांत सौना नाही, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी आहेत. तिनं मार्लिसला हॉस्पिटलात फोन लावला. तुझा बाप पोरांना उघडं करून बर्फात फेकतोय, असं तिनं सांगितल्याचं मला नंतर कळलं.

मार्लिस आली ती हॉस्पिटलच्या पांढऱ्या कोटातच.

"बाबा! बर्फात लोळवलंत यांना?"

"त्यात काय? तूही लोळायचीस."

"माझ्या कानांत नळ्या नव्हत्या!"

टोपी सौनातल्या खुंटीवर होती. मीच काढून ठेवली होती. वाफेत लोकरी टोपी कोण घालतं? ओट्टो समोर उभा होता आणि त्याच्या कानाच्या पाळीवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरांना कपडे चढवले, गाडीत बसवलं आणि काच खाली करून म्हणाली, "उद्याही शाळा बंद असली तर मी रजा घेईन. आणि ग्रीन बेला उद्या उत्तर द्यायचंय."

मी सगळं घालवलं होतं. ग्लॅडिसला शिव्या देऊन पाहिल्या, पण त्यात काही राम नव्हता.

संध्याकाळी आयलीचा फोन आला. कुजबुजत होती.

"आजोबा, आज पायजमा उलटा घालून झोप. शिवण बाहेर. तसं केलं की दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहते. आम्ही दोघांनी घातलाय."

"अगं बये, शाळा बंद राहिली तरी तुझी आई तुम्हाला इकडे आणणार नाही."

"आधी बंद तर होऊ दे! एकेक काम कर ना."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"आजीनं. तीपण नाइटी उलटी घालायची, आम्ही यावं म्हणून. तुला माहीत नाही?"

माहीत नव्हतं. ती शेजारी झोपायची आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. फोन ठेवला. मग कपाटातून लोकरी बनियन आणि लांब चड्डी काढली, उलटी केली आणि घातली. वय एकाहत्तर.

सकाळी आभाळ स्वच्छ. बर्फ हटवणारी गाडी रस्ता साफ करून गेलेली. रेडिओवर बंद शाळांची नावं सांगितली, त्यात आमची नव्हती. मी कॉफी ठेवली. तेवढ्यात पोरांना शाळेत पाठवून मार्लिस आत आली.

"काल ओट्टोला डॉक्टरांकडे नेलं होतं. कान ठीक आहेत."

"बरं झालं," मी म्हणालो. "चुकलंच माझं, पोरी."

ती माझ्या मानेकडे बघत होती. मागे बनियनची चिठ्ठी बाहेर लोंबत होती, बाह्यांवर शिवणी वर आलेल्या.

"आयलीनं सांगितलं?"

"हो."

"आणि तुम्ही घातलंत?"

"दिसतंय ना तुला?"

ती खुर्चीत बसली आणि हातमोजे काढत राहिली.

"शाळेच्या बसवाल्याला सांगते, आजपासून पोरांना रोज दुपारी इथे उतरव म्हणून. टोपी घरात असतानाच काढायची."

"आणि ग्रीन बे?"

"ग्रीन बेमध्येही बर्फ पडतो, बाबा," ती म्हणाली. "तिथे यांच्यासाठी उलटे कपडे घालून कोण झोपणार?"