लुईझाबायच्या ओट्यावरची रोजरी

पाचूबंदरात लुईझाबाय हातात रोजरीची जपमाळ घेऊन कुणाच्या घराची पायरी चढली, की समोरच्या घरातली बाई न विचारता चुलीवरचं भांडं खाली उतरवायची. आता कधीही त्या घरी धावावं लागणार, हे ती समजून चुकायची.

तसा लुईझाबायचा धंदा मासळीचा. सकाळी बंदरावर लिलावाला उभी राहिली, की तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण आळीत कुणी अंथरूण धरलं, डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हणून हात वर केले, की निरोप जायचा तो तिलाच. ती यायची, उशाशी स्टूल ओढून बसायची, आजाऱ्याचा हात हातात घ्यायची आणि ‘घाबरू नको, मी हाय’ म्हणून रोजरी सुरू करायची. एका मण्याला एक नमो मारियाची प्रार्थना, तिचा पहिला अर्धा भाग एकीने सांगायचा आणि उरलेला सगळ्यांनी म्हणायचा, ही रीत. सांगणारी कायम लुईझाबाय. दुसरं कुणी सांगू लागलं तर तिला ते मिठाशिवायच्या कालवणासारखं लागायचं. आळीतली टवाळ पोरं मागून म्हणायची, लुईझाबायपेक्षा ॲम्ब्युलन्स बरी, ती माणसाला परत तरी आणते. बाईच्या कानावर ते यायचं. ती चार शिव्या हासडायची आणि मनातून जरा खूशही व्हायची. आपल्यावाचून आळीचं अडतं, हे कुणाला आवडत नाही?

मग एका वर्षी तिच्या स्वतःच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर केमो सुरू झाली. सलाईनमधून लाल रंगाचं औषध अंगात जायचं आणि पुढचे दिवस बाई बादली सोडून हलायची नाही. केस गेले. तोंड आतून सोललं, पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. ती घरी आली तशा आळीतल्या बायका भेटायला निघाल्या. शेजारची डेल्फिन सगळ्यांच्या पुढे, आणि तिच्या हातात रोजरी! लुईझाबायने खिडकीतून ती रोजरी पाहिली मात्र, तरातरा उठून दाराला कडी घातली.

“मी अजून मेली नाय!” ती आतून ओरडली. “चला, फुटा इथनं!”

बायका एकमेकींची तोंडं बघत माघारी गेल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं एकीने म्हटलंसुद्धा. म्हणेना का! लुईझाबाय घाबरली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना घाबरू नको सांगणारी ही बाई अशी घाबरली होती, की जिभेला कोरड पडायची. आपण ज्यांच्या ज्यांच्या उशाशी बसलो ते सगळे तिला दिसायचे. त्यातला एकही पुन्हा उठून बंदरावर आला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकल्यावरच आपल्याला बोलावलं जायचं, मग उठणार कोण, हे तिला का कळत नव्हतं? पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. तिने स्वतःची रोजरी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली आणि सुनेला, सॅन्ड्राला, बजावलं, “प्रार्थना करायला कुनी आलं तर दारातनंच वाटेला लाव.”

आणि एक दिवस तिने जाहीर केलं की बास, यापुढे सुई नाही.

“मम्मी, अर्धवट सोडलं तर काही उपयोग नाही. डॉक्टरनी क्लिअर सांगितलंय,” सॅन्ड्रा रडकुंडीला आली. “गुरुवारची डेट आहे. तेवढी तरी घ्या.”

“जायचंच हाय तर माझ्या घरातनं जाईन. त्या खुर्चीत बसून नाय.”

मुलगा ग्लेन बोट घेऊन जायच्या आधी तिच्या पायाशी येऊन बसला, मिनतवाऱ्या केल्या. पालथ्या घड्यावर पाणी! बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ग्लेन डोळे पुसत बंदरावर गेला.

त्या दुपारी लुईझाबायच्या ओट्यावर धप्पकन काहीतरी आदळलं. तिने खाटेवरून मान उंचावून खिडकीबाहेर पाहिलं. कोलंबीची भरलेली पाटी होती, आणि पाटीमागे पाय पसरून क्लेमेंटीन बसली होती.

क्लेमेंटीन म्हणजे समोरच्या घरातली. या दोघींचं बोलणं क्लेमेंटीनचा नवरा गॉडफ्रे गेला त्या दिवसापासून बंद होतं. त्या दिवशी दुपारी लुईझाबाय त्याच्या उशाशी जाऊन बसली आणि दिवेलागणीला गॉडफ्रे गेला. मातीला जमलेल्या सगळ्या गावासमोर क्लेमेंटीन म्हणाली होती, “ही आली नि मरन घेऊन आली.” तेव्हापासून लिलावात दोघी एकमेकींना पाठ करून उभ्या राहायच्या. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत शांतीचं चिन्ह म्हणून शेजारच्याला हात द्यायची वेळ आली, की एक उजवीकडे वळायची आणि दुसरी डावीकडे. फादर बदलून गेले, नवे आले, पण या दोघींच्या माना वळायच्या त्या वळायच्याच.

आणि आज ही बया आपल्या ओट्यावर!

“ओटा माझा हाय,” लुईझाबाय खिडकीतून म्हणाली.

“ओटा तुझा, सावली देवाची,” क्लेमेंटीन मान वर न करता म्हणाली आणि कोलंबीचं डोकं मोडलं. “माझ्या दारात ऊन येतं. सोडे करायचे हायत.”

लुईझाबाय पुन्हा आडवी झाली. बाहेर कोलंबी सोलल्याचा बारीक आवाज येत राहिला. क्लेमेंटीन ना कशी आहेस म्हणाली, ना देवाचं नाव घेतलं. पाटी संपल्यावर तिने ओट्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डेल्फिनही आपली पाटी घेऊन आली. मग ज्युली आली. रोजरी कुणाच्याच हातात नव्हती. बायका बसायच्या, सोलायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू. पापलेट कुणी नेलं, चंदनसारला फ्लॅट घेतलेल्या भाचीच्या घरी पाणी कसं येत नाही, कुणाच्या पोराने नाताळच्या आधी लग्न ठरवून आईला कसं तोंडघशी पाडलं. लुईझाबाय आतून सगळं ऐकायची. मधेच एखादीची बातमी चुकली की खिडकीतून करवादायची, “काहीतरी बोलू नको! ती त्याची मावशी नाय, काकी हाय.” कितीतरी दिवसांनी तिला दुपारची झोप लागू लागली. बाहेर माणसांचा आवाज असला की छातीवरचा धोंडा जरा सरकतो, हे तिच्या लक्षात आलं. पण कबूल करेल तर ती लुईझाबाय कसली?

सॅन्ड्रा गुरुवारचा विषय काढायला जायची आणि सासूचा चेहरा बघून चहाचा कप ठेवून परत फिरायची.

बुधवारी पाट्या मोठ्या होत्या. सोलता सोलता संध्याकाळ झाली, चर्चची घंटा वाजली. बंदरावरच्या बायकांची जुनी सवय म्हणजे हात कामात असले तरी घंटेनंतरची रोजरी चुकवायची नाही. आता कोलंबीच्या चिकाने भरलेल्या हातात मणी कसे धरणार? म्हणून एका नमो मारियाला एक कोलंबी. दहा सोलून झाल्या की त्यांचा वेगळा ढीग करायचा आणि पुढच्या दहाला लागायचं. डेल्फिनच्या तोंडून सवयीने सुरुवात झाली. मग तिला लुईझाबायची आठवण झाली आणि तिने जीभ चावली.

क्लेमेंटीनने डोळ्यांनी खुणावलं, चालू ठेव. डेल्फिन हळू आवाजात पुढे सांगू लागली. पण मन आतल्या खाटेकडे, त्यात एक अर्धी तुटलेली कोलंबी हातात आली, तीही तिने पुरी धरली आणि ढीग बाजूला सारला.

“नऊ!” खिडकीतून आवाज कडाडला. “नऊच झाल्या! तुटकी कोलंबी कोन मोजतं गो? देवाला काय आंधळा समजलीस?”

ज्युलीला हसू आवरेना. डेल्फिन म्हणाली, “मग तूच सांग ना बाहेर येऊन.”

खिडकीतून आवाज आला, पण तो लुईझाबायचा वाटेना.

“मला भुलवू नका. माझ्या दारात रोजरी सुरू केलीत तुमी. मला ठाव हाय रोजरी कधी येते ती.”

क्लेमेंटीनने हातातली कोलंबी खाली ठेवली. बादलीत हात बुडवले, लुगड्याला पुसले आणि सरळ घरात शिरली. खाटेजवळ उभी राहून म्हणाली, “ऐक. मी एकदाच सांगेन. गॉडफ्रेला भीतीनं डोळा लागत नव्हता. माझा हात असा आवळून धरायचा की बोटं काळीनिळी पडायची. तू आलीस, बसलीस, नि त्यानं माझा हात सोडून तुझा धरला. आनि झोपला, लुईझा. पोरासारखा झोपला. मरन तू नाय आनलं, ते कधीचं येऊन बसलं होतं. तू आलीस नि त्याची भीती गेली. मी बायको असून मला ते जमलं नाय. मला तेच झोंबलं. अजून झोंबतं.”

एवढी वर्षं आपण मरण घेऊन गेलो हे लुईझाबाय सगळ्या गावासमोर नाकारत होती आणि या आजारात स्वतःच ते खरं मानून बसली होती. तिला रडू फुटलं. बायका दारात गोळा झाल्या, पण आत कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळाने ती भिंतीला धरून उठली. डोक्याला बांधलेला रुमाल सुटून खाटेवर पडला होता, तो तिने तिथेच राहू दिला. बोडक्या डोक्याने ओट्यावर येऊन बसली. “सांगायला माझ्यात जीव नाय,” ती म्हणाली. “कुनीतरी सांगा. मी म्हनते मागनं.”

क्लेमेंटीनने सांगायला सुरुवात केली. तिचा आवाज घोगरा, चाल वेडीवाकडी. एरवी लुईझाबायने तिला पहिल्याच ओळीला थांबवलं असतं. आज तिने निमूटपणे दुसरा अर्धा भाग म्हणायला घेतला. हा भाग तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. तो नेहमी बाकीच्यांनी म्हणायचा, आणि ती पलंगाच्या उशाशी बसून त्यातलं फक्त ‘मरणाच्या वेळी’ तेवढं ऐकायची.

“आमच्यासाठी विनंती कर,” ती बायकांबरोबर म्हणाली, “आता...”

आणि अडकली. बाकीच्यांनी ‘आणि आमच्या मरणाच्या वेळी’ म्हणून पुरं केलं. क्लेमेंटीन पुढचं सांगायला थांबली.

“काय झालं?”

“काय नाय,” लुईझाबाय म्हणाली. “मरनाच्या आधी ‘आता’ पन हाय गो त्यात. माझं कधी ध्यानच गेलं नव्हतं. चल, सांग पुढचं. नि नीट सांग, घाई करू नको.”

तिने पाटी जवळ ओढली. एक कोलंबी सोलायला तिला बराच वेळ लागायचा. बायका थांबायच्या. तिची कोलंबी ढिगावर पडली की मगच क्लेमेंटीन पुढची नमो मारिया सांगायची. त्या दिवशी रोजरी संपायला उशीर झाला आणि ज्युलीच्या घरचं कालवण राहिलं ते राहिलंच.

गुरुवारी सकाळी सॅन्ड्रा उठली तेव्हा सासू तयार होऊन खुर्चीत बसली होती. तांदळाचा डबा उघडा होता आणि जमिनीवर चार दाणे सांडले होते. सॅन्ड्राने रिक्षा बोलावली. आळीच्या तोंडाशी क्लेमेंटीन नवं लुगडं नेसून उभी होती. रिक्षा थांबताच आत चढली.

“तू कशाला?” लुईझाबायने विचारलं.

“बसायला.”

इस्पितळात नर्सने सुई लावली. लाल औषधाचा थेंब नळीतून खाली सरकू लागला, तशी लुईझाबायने डोळे गच्च मिटले. एका हातात सुई, दुसऱ्या हातात रोजरी, पण ओठांतून शब्द फुटेना.

“क्लेमेंटीन,” ती पुटपुटली, “घाबरू नको म्हन ना.”

“मला नाय येत तुझ्यासारखं म्हनायला.” क्लेमेंटीनने स्टूल जवळ ओढलं आणि तिच्या रोजरीवर आपला हात ठेवला. “हा घे. गॉडफ्रेनं सोडला तेव्हापासून रिकामाच हाय.”

लुईझाबायने तो हात धरला. कोलंबीचा वास अजून गेला नव्हता त्याचा. तिने तो असा आवळला की क्लेमेंटीनची बोटं पांढरी पडली, पण क्लेमेंटीनने तो सोडवून घेतला नाही.