उकळलेला पाचू

बायकोच्या अंगठीतला पाचू मास्तरांनी सकाळी साबणाच्या पाण्यात उकळला. दुपारी बाराला तिच्या मेंदूचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी नर्सने अंगठी काढायला लावली तेव्हा ती म्हणाली होती, "घरी न्या. पण आत नेण्याआधी मला एकदा दाखवा." मे महिन्यातला जन्म, म्हणून लहानपणीच आईने तिला तो खडा दिला होता. खडा हिरवा तोवर माणूस बरा, असं आईने सांगितलेलं तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

मास्तरांना वाटलं, लख्ख करून न्यावा. पातेल्यातून काढला, तर खडा धुरकट झालेला आणि आत पांढऱ्या रेघांचं जाळं. खडा मुठीत धरून ते बाजाराकडे धावले.

खड्यांना पैलू पाडणाऱ्या बाई दुकानाचं शटर वर करत होत्या, तोच मास्तर धापा टाकत पोहोचले. बाईंनी भिंगातून पाहिलं.

"उकळलात?"

"स्वच्छ करायला."

"अहो, पाचूत जन्मापासूनच चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल मुरवतात. ते तुम्ही पार काढून टाकलंत. कोमट पाणी, मऊ ब्रश, याच्यापुढे जायचंच नाही."

"परत मुरवा."

"दोन दिवस लागतील."

"माझ्याकडे दोन तास आहेत हो!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. त्यांनी सगळं सांगितलं आणि मग हळूच विचारलं, "खडा तडकला की माणसाचं वाईट होतं, हे खरं का?"

"तडकलेले खडे माझ्याकडे नेहमी येतात," बाई म्हणाल्या. "घेऊन येणारी माणसं स्वतःच्या पायांनी येतात. बसा."

बाईंनी खडा दिव्याखाली हलकेच कोमट केला, थेंब थेंब तेल सोडलं. वरच्या रेघा विरल्या, पण मधली एक खोल चीर तशीच राहिली.

मास्तर हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा तिचं स्ट्रेचर निघालं होतं. त्यांनी चिरेवर अंगठा ठेवून अंगठी पुढे केली.

"अंगठा काढा," ती म्हणाली.

त्यांनी काढला. खोटं बोलायचं ठरवून आले होते, पण तोंडून निघालं, "मी उकळला गं. माझ्या हातून झालं." आणि ते सगळ्यांसमोर रडू लागले.

तिने खडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाली, "अंडं वाटलं का तुम्हाला?" हसायला गेली, पण जमलं नाही. तिने त्यांचं बोट घट्ट धरलं. वॉर्डबॉयला ते सोडवावं लागलं.

सात तास मास्तर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभे होते. बाकावर बसवेना. मुठीतल्या अंगठीच्या तेलाने तळवा चिकट झाला होता.

तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. उजवा हात हलला. डावा हलला नाही, अजूनही हलत नाही.

केस परत वाढल्यापासून तिची वेणी मास्तर घालतात. ती आरशात बघून म्हणते, "वाकडी आहे." ते मुकाट्याने सोडतात आणि पुन्हा घालतात.