पामच्या गवताचा रंग

बाबांच्या वहीत रंगांना आकडे नव्हते, गावांची नावं होती. "महेश्वर, घाटाची तिसरी पायरी" म्हणजे ओल्या दगडाचा करडा. "विजापूर, दुपार" म्हणजे पिवळट मातकट. "भुज, बाईची ओढणी" हा एक लाल होता. तीनदा कालवूनही तो आम्हांला जमला नव्हता आणि चौथ्यांदा चुकून जमला. प्रत्येक नावापुढे मापं, आणि खाली खळीने चिकटवलेला बोटाएवढा कापडाचा तुकडा.

पालघर स्टेशनच्या पूर्वेला आमची साड्या छापायची शेड होती. दर दिवाळीला ती पंधरा दिवस बंद असे आणि बाबा एकटेच कुठेतरी जात. येताना मळके कपडे आणि वहीत नवी नक्षी घेऊन येत. वर्षभर आम्ही ती नक्षी छापत असू. लहानपणी मी बरोबर यायचा हट्ट धरला की म्हणत, "तू टेबलापाशी राहा. मी बघून आलो की तुलाच दाखवणार आहे."

बाबा श्रावणात गेले. सदुसष्ट साल होतं ते. त्यांच्यामागे मी, शेड आणि सहा अर्धवट साड्या राहिल्या.

अर्धवट म्हणजे चार रंगांपैकी तीनच छापलेल्या. प्रत्येक रंगाची वेगळी चौकट असते. लाकडाला ताणून बसवलेलं झिरझिरीत कापड, आणि त्यात त्या रंगाची तेवढीच नक्षी उघडी ठेवलेली. चौथी चौकट बाबांनी स्वतः तयार केली होती. नक्षी गवताची होती. पाती छापून झाली होती, पेंढ्यांचे बंद झाले होते, मागची जमीन झाली होती. राहिले होते ते फक्त तुरे. "ते कार्तिकात छापू, गवत पिकल्यावर," ते म्हणाले होते. वहीत तुऱ्यांपुढे एकच शब्द होता: "पामचा". ना मापं, ना तुकडा.

कार्तिक संपायच्या आत शेड सोडायची होती. मालकाला ती गोदामासाठी हवी होती. चौकटी उंबरगावच्या एका छापणाऱ्याने मागितल्या होत्या. नक्षी संपली की चौकटीवरचं कापड फाडून टाकायचं आणि लाकूड पुन्हा वापरायचं, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. एकदा ते कापड फाडलं की सहाही साड्या कायमच्या तुऱ्यांवाचून राहणार होत्या. बाबांची शेवटची नक्षी पुरी व्हावी, एवढंच मला हवं होतं. पण तो रंग मी पाहिलेला नव्हता.

"कुठलाही तांबूस घाला ताई," शांताराम म्हणाला. तो आमच्याकडे पहिल्यापासूनचा; बाबांना मास्तर म्हणे. चौकटी उचलणं, कापड पसरणं, धुणं ही त्याची कामं. "गवताचा तुरा तो. त्याला कोण ओळखणार?"

"बाबांनी ओळखलं असतं."

शांताराम चौकट पुसायला लागला. त्याने विषय का टाळला, ते आम्हां दोघांनाच ठाऊक होतं.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन नको म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका काठासाठी त्यांनी निळा कालवला आणि मी सगळ्यांदेखत म्हणून गेले, "बाबा, हा निळा नाही. काळा आहे." त्या दिवशी शेडमध्ये आणखी दोन कामगार होते. बाबांनी हातातली रंग ओढायची रबराची पट्टी पुसली, खुंटीला लावली आणि म्हणाले, "असेल." त्यानंतर त्यांनी मला रंगाविषयी कधी काही विचारलं नाही. मीही कधी बोलले नाही. ते रोज बरोबर बारा वाजता जेवायला घरी जात आणि दोनला परत येत. त्या दोन तासांत मी आणि शांताराम त्यांनी कालवलेले डबे उघडून रंग दुरुस्त करायचो. निळ्यात पांढरा, हिरव्यात पिवळा. दोन वाजता ते येत, डबा ढवळत, म्हणत, "चला." बाबांना काही कळलेलं नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या दिवाळीत ते लांब गेले नव्हते. रोज सकाळी वही घेऊन "बोईसरला जाऊन येतो" म्हणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. मला वाटलं, कुणा ओळखीच्याकडे बसायला जात असतील.

पाम हे बोईसरच्या पुढचं गाव, म्हणून कार्तिकात एक दिवस मीही बोईसरला उतरले. स्टेशनाबाहेर सिमेंटच्या ट्रकांची रांग होती; तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात चाललं होतं. एसटीत निम्मे प्रवासी हिंदी बोलणारे कामगार. मी पामचं तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पामला कुणाकडे?"

"कुणाकडे नाही."

"मग एवढ्या उन्हात उतरून करणार काय?" असं म्हणत त्याने तिकीट फाडून दिलं.

गावाच्या अलीकडे उताराचं रान होतं. गवत छातीएवढं वाढलेलं. मुंबईच्या तबेल्यांसाठी इथलं गवत दरवर्षी वॅगन भरभरून जातं, ते मला ठाऊक होतं. गाडीतून पाहिलेलंही होतं. पण उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. अर्धं रान कापून झालं होतं. एक बाई खाली बसून पेंढ्या बांधत होती. पन्नाशीची असेल. तिने मला बराच वेळ तसंच उभं राहू दिलं.

"कुनाचा घर बगतेस, बाय?"

"घर नाही. गवत बघायला आले."

"गवात?" ती हसली. "गाय हाय का म्हस?"

"काहीच नाही."

"मंग तू त्या मास्तरबाबाची पोर," ती म्हणाली. तिने विळा मांडीखाली सारला. "गाय नाय, म्हस नाय, नि गवात बगाया येतो, असा येकच मानूस मी पायलाय. ह्या साली आला नाय तो."

"वारले ते. श्रावणात."

तिने हातातली पेंढी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून तिचा बंद आवळला.

"मना वाटला, गवात पिकला तरी कसा नाय आला," ती म्हणाली. "बस. त्या धोंड्यावर बस. तो तितंच बसायचा."

मी बसले. धोंडा तापलेला होता. बाईचं नाव कमळी. बाबा मागच्या दिवाळीत आठ दिवस तिथे येऊन बसले होते. तिच्या मडक्यातलं पाणी प्यायले होते. तिच्या मुलांसाठी त्यांनी पालघरचे बत्तासे आणले होते. हे सगळं ती पेंढ्या बांधता बांधता सांगत होती, आणि मी ऐकत होते एखाद्या परक्या माणसाविषयी ऐकावं तसं.

"ते काय बघायचे?"

"बगनार काय? त्याला दिसत कवा होता? काडी-काडी डोल्याला लावून चितारायचा. नि मग मना हाक मारायचा. कमळी, आता रंग कंचा हाय? मी बोलायची, आता खेकड्याच्या पाटीसारका. मग उन कलला का परत, कमळी, आता? आता पान खाऊन थुकल्यासारका. तो हसायचा नुसता. कामाचा खोटी करतोस बाबा, मी बोलायची."

"ते लिहून घ्यायचे?"

"नाय ना! मी बोलली, लिव, इसरशील. तर बोलला, नको. लिवला तरी मी चुकीचाच कालवीन. मी जेवाय गेलो का माजी पोर मागून येते नि बरोबर करते."

समोर कापलेल्या रानाच्या खुंटांवर एक बगळा चालत होता. त्याच्याकडे बघत राहिले.

"त्यांना ठाऊक होतं?"

"मंग? आंदला होता, येडा नव्हता."

मी म्हटलं, "मला त्यांनी कधी विचारलं नाही."

"तुला इचारला असता तर तू बोलली असतीस, घरी बस." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "बोलली असतीस ना?"

"हो."

"मग झाला तर," कमळी म्हणाली आणि पुढच्या पेंढीकडे सरकली.

ऊन कललं तसे तुरे बदलत गेले. आधी राखेसारखे, मग तांबूस. मग सूर्य खाडीकाठच्या खाजणाच्या टोकाला टेकताना त्यांच्यात जांभळ्याचा एक हात फिरला. तो फार तर दहा मिनिटं टिकला असेल. खेकड्याच्या पाठीचा रंग तो नव्हता, थुंकीचाही नव्हता. तो रंग माझ्या एकटीपुढे पसरला होता आणि त्याला काय म्हणायचं हे मला विचारणारं कोणी नव्हतं. कमळी तोवर भारा डोक्यावर घेऊन निघाली होती. जाताना म्हणाली, "उद्या हा तुकडा पन कापनार. बगून घे."

मी मूठभर तुरे वर्तमानपत्रात गुंडाळून घेतले. बोईसरच्या फलाटावर कागद उघडून पाहिला तर ते साध्या वाळलेल्या गवताच्या रंगाचे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठवून रंग कालवायला बसले. तांबडा, त्यात तपकिरी, थेंबभर जांभळा, डिंक. वाळल्यावर रंग एक पायरी फिका होतो, म्हणून तेवढा गडद धरला. चिंधीवर ठसा घेतला, वाळवला, पुन्हा कालवला. असं पाच वेळा. पाचवा मला पटला. पण बाबांनाही सगळे रंग पटलेलेच असत.

बारा वाजले. मी डब्यावर झाकण ठेवलं, हात धुतले आणि शांतारामला म्हटलं, "मी घरी जेवून येते."

त्याने चमकून पाहिलं. मी रोज डबा आणून शेडमध्येच जेवत असे.

घरी मी भात आणि कालची आमटी खाल्ली. नंतर बाबांच्या खाटेवर आडवी झाले. झोप आली नाही. ते तरी या दोन तासांत झोपत होते का, कोण जाणे. इथून शेडचं छप्पर दिसतं. दोन वाजेपर्यंत मी त्या छपराकडे बघत राहिले.

परत आले तेव्हा शांताराम टेबलाच्या टोकाला विडी ओढत बसला होता. झाकण मी ठेवलं होतं तसंच, मुठीची बाजू खिडकीकडे. आत ढवळायची काठी तिच्या जागी होती आणि रंगावर पातळ साय धरली होती.

"तुम्ही बघितला नाहीत?" मी विचारलं.

"बघितला की. चांगलाय."

"काही कमी-जास्त?"

"ताई, मास्तरांच्या वेळी तुम्ही सांगायचात, मी घालायचो," शांताराम म्हणाला. "पामचं गवत मी काय बघितलंय?" मग विडी विझवून म्हणाला, "मी त्यात हात घालणार नाही."

मी रंग ढवळला. साय मोडली.

साडीच्या पन्ह्यावर पट्टी ओढायला दोन माणसं लागतात. एकाने मध्यापर्यंत ढकलायची, दुसऱ्याने तिथून आपल्याकडे ओढून घ्यायची. सोळा वर्षं मी दाराच्या बाजूला आणि बाबा भिंतीच्या बाजूला, असे आम्ही समोरासमोर उभे राहत आलो होतो. आज शांताराम सवयीने भिंतीकडे निघाला, तेव्हा मी त्याला दाराकडे उभं केलं आणि स्वतः भिंतीशी गेले. तिथे जमिनीवर दोन पावलांएवढी जागा गुळगुळीत झालेली होती.

त्या बाजूने मला गवत उलटं दिसलं. पात्यांची टोकं माझ्याकडे, मुळं पलीकडे. चौकटी नेहमी दाराकडून सुलट लावल्या जात, म्हणजे मी उभी असे तिथून. आपली प्रत्येक नक्षी बाबांनी इथून उलटीच पाहिली होती, आणि त्यांनी कधी जागा बदलून मागितली नव्हती.

"चला?" शांताराम म्हणाला.

"चला."

त्याने पट्टी ढकलली. मध्यावर ती माझ्या हातात आली आणि मी ती ओढून घेतली. चौकट उचलली. पात्यांच्या टोकांवर तुरे उठले होते, ओले, अजून एक पायरी गडद. ते बरोबर होते की नाही, ते वाळल्यावरही मला कळणार नव्हतं. पामचं ते रान एव्हाना कापून झालं असणार.

संध्याकाळपर्यंत सहाही साड्या झाल्या. चिंधीचा एक तुकडा कापून मी वहीत चिकटवला, "पामचा" या शब्दाखाली, आणि पुढे मापं लिहिली. शांताराम चौथी चौकट हौदावर धूत होता. पाणी आधी तांबडं येत होतं, मग फिकट. धुऊन झाल्यावर त्याने ती भिंतीला टेकवली आणि कापड फाडायला चाकू घेतला.

"फाडू ना?" त्याने विचारलं.

सगळ्या साड्यांवरचा रंग वाळला होता. मी एकदा दाराच्या बाजूने जाऊन त्या पाहिल्या आणि म्हटलं, "फाडा."