निरीक्षकाचे कोरडे बूट

सकाळी ती मागच्या दारी बूट धूत होती. दिराच्या बुटांतून काळा चिखल निघतच राहिला. नवऱ्याच्या बुटांना नुसतं फडकं पुरलं. दीर खाणीत कामगार. नवरा त्याच खाणीचा सरकारी सुरक्षा-निरीक्षक.

पात्रता : निरीक्षकाने पाच वर्षं जमिनीखाली काम केलेलं असावं. हा एकदाच उतरला. खाली नेणाऱ्या पाळण्यात अर्ध्या वाटेवर ओकला आणि वर आला. अनुभवाचा दाखला मात्र पाच वर्षांचा. दिला खाणीच्या व्यवस्थापकाने, म्हणजे तिच्या वडिलांनी.

नेमणूक : लग्नात मुलाने दमडी घेतली नाही. केवढं कौतुक झालं! भाषणं झाली, डोळे पुसले गेले. महिन्याभरात जावईबापू खुर्चीत. याला देणंघेणं कुणी म्हटलं नाही. सुशिक्षित माणसं ती.

देखरेख : निरीक्षकावर मुख्य निरीक्षक. तो तिच्या वडिलांचा साडू. पुढे विचारू नका.

"वहिनी," चहा घेताना दीर म्हणाला, "खालच्या बोगद्याचं छत कुरकुरतंय. दादाला म्हण, एकदा बघून जा."

"तूच सांग की."

"सांगितलं. म्हणाला, कुरकुरायची सवय तुम्हालाच आहे."

दीर कामावर गेला. दुपारी तिचे वडील जेवायला आले, आणि भात कालवता कालवता नवऱ्याने बोगदा सुरक्षित ठरवला.

"न बघता?"

"अगं, अनुभव असतो माणसाला," वडील म्हणाले.

"हो तर. पाच वर्षांचा."

नवऱ्याला ठसका लागला.

"अहो, एकदा उतरा. तुमचा सख्खा भाऊ आहे खाली."

"मला पाळणा सोसत नाही, माहितीये ना तुला?"

"मग मी जाते."

दोघं पोट धरून हसले. "जा जा," वडील म्हणाले, "येताना चार दगड आण!"

तिने खुंटीवरचं नवऱ्याचं हेल्मेट घेतलं. त्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. साहेबांच्या लेकीला पाळण्यापाशी अडवणार कोण?

थोड्या वेळाने खालून फोन आला.

"बाबा, मी बोगद्यात बसलेय. छत कुरकुरतंय खरं. पाळी संपेपर्यंत बसते. सुरक्षित आहे ना?"

वडिलांच्या हातातली सुपारी पडली.

"बाहेर काढा! सगळ्यांना बाहेर काढा! बोगदा बंद!"

इतकी झटपट तपासणी त्या खाणीत कधी झाली नव्हती. जेवताना पक्कं असलेलं छत लेकीच्या डोक्यावर येताच कच्चं झालं.

"झाला तमाशा?" ती वर आल्यावर वडील म्हणाले. "आता घरी बस. उद्या बोगदा सुरू."

ती दिराकडे वळली. "भाऊजी, उद्याची पाळी किती वाजता?"

संध्याकाळी मागच्या दारी तीन जोड बूट होते. दोन चिखलाचे.

खाणी पुष्कळ आहेत. साहेबांच्या लेकी किती पुरवणार?