कॅप्टन व्हॅरिकची दुर्बीण

खंडेनवमीला बाळासो कोळेकरांच्या घरी विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या ओळीत एक जुनी दुर्बीण मांडली जाई आणि तिच्यामागे फ्रेममधला गोरा कॅप्टन व्हॅरिक. १९४४ साली इटलीतल्या लढाईत बाळासोंच्या वडिलांनी, त्याच्या हाताखालचे शिपाई बिरदेवांनी, जखमी व्हॅरिकला गोळ्यांच्या माऱ्यातून पाठीवर घालून मागं आणलं होतं. त्यानं गळ्यातली दुर्बीण काढून त्यांना दिली आणि शौर्यपदकासाठी तुझं नाव वर कळवतो, असा शब्द दिला. व्हॅरिक खानदानी घरातला. पुढं तो लॉर्ड झाला, ब्रिटनच्या संसदेत गेला. कळवणं काही झालं नाही. तरी बिरदेव मरेपर्यंत साहेबाला फूल वाहत राहिले.

यंदा गावातल्या सैनिकांचे पराक्रम फलकावर कोरायचे होते. फलकाचं काम जोतीरामांकडं होतं.

"लेखी पुरावा आण गड्या," ते पारावर सगळ्यांसमोर हसले होते. "तुज्या बानं दुर्बीण उचलली आन् पळाला, असं बी म्हनत्यात लोक!"

बाळासोंची नात स्वप्नाली साताऱ्यात फिजिक्स शिकलेली. तिनं दुर्बिणीवरचा झिजलेला नंबर भिंगानं वाचून टिपला आणि व्हॅरिकचे कागद जपणाऱ्या इंग्लंडमधल्या संग्रहालयाला ईमेल केला. नवमीच्या सकाळी उत्तर आलं. दोन पानं होती.

"वाच की गं," पाटावर ताठ बसलेले बाळासो म्हणाले. त्यांचीही सव्वीस वर्षं फौजेत गेलेली.

पहिलं पान साहेबाच्या छापील आत्मचरित्राचं होतं. स्वप्नालीनं मराठीत करून वाचलं. "मी एकटाच सरपटत मागे आलो. माझा शिपाई दुर्बीण घेऊन पळाला होता."

बाळासोंनी फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "इसरला आसंल. म्हातारपणी लिवलं आसंल त्यानं."

स्वप्नालीला तिथंच थांबावंसं वाटलं. पण फलकाला लागणारा पुरावा दुसऱ्या पानावर होता.

"आबा, ही त्याच दिवसाची डायरी. त्याच्याच हातची. 'बिरदेवने मला पाठीवर आणले. दुर्बीण मी त्याला भेट दिली.' पुढं नंबर आहे. आपल्याच दुर्बिणीचा."

"म्हंजी त्याला ठावं व्हतं."

"हो."

"नावासकट."

तिनं मान डोलावली.

"बा दरसाल त्याच्या पाया पडायचा गं. मलाबी पाडायचा." बाळासोंनी फ्रेम उचलली, पालथी केली आणि मागचे बारके खिळे एकेक करून उपटले. फोटो बाहेर काढून तिच्या हातात दिला. "जोतीरामला पानं देशील, तवा ह्योबी दे. म्हनावं, चोर ह्यो हाय."

तिनं दुर्बिणीला हळद-कुंकू लावलं. आरती झाली. हात जोडताना बाळासोंची नजर सवयीनं दुर्बिणीच्या मागं, रिकाम्या जागेकडं गेली, आणि त्यांनी ती खाली दुर्बिणीवर आणली.